ओवलेली स्मृती : चंद्रावर गेलेल्या गणकयंत्राची कथा



या स्मृतिव्याख्यानासाठी मला बोलावताना संयोजकांच्या मनात संतवाङ्मय किंवा सीमाभागातील मराठी असा एखादा विषय असावा. मराठीच्या सेवानिवृत्त प्राध्यापकाकडून दुसरे काय अपेक्षायचे? मी 'अवकाशयानातील आरंभीची गणकयंत्रे' असा विषय कळविला, तेव्हा दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला क्षणभर शांतता पसरली. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गुरुजी गणिताच्या वहीतले शुद्धलेखनही तपासणारे होते. त्यांना हा विषय परका वाटला नसता, असे मी समजतो.

विषय निवडण्याचे कारण सांगतो. मी आयुष्यभर ज्या शब्दांवर पोट भरले, त्यांतील तीन शब्द या यंत्राच्या इतिहासात मला अनपेक्षितपणे भेटले : नाम, क्रियापद आणि ओवणे. पहिले दोन अभियंत्यांनी स्वतःच योजलेले होते. तिसरा त्यांच्या भाषेत नव्हता; पण कारखान्यात जे प्रत्यक्ष घडत होते, त्याला मराठीत दुसरा शब्द नाही.

मानव अवकाशात गेला तो १९६१ साली. गागारिन यांच्या व्होस्तोक यानात आजच्या अर्थाने संगणक नव्हता. अमेरिकेच्या मर्क्युरी यानातही नव्हता. ठरलेल्या क्रमाने कळी दाबणारी यंत्रणा आणि जमिनीवरून होणारे मार्गदर्शन, यांवर ती उड्डाणे पार पडली. मार्च १९६५ मध्ये उडालेल्या जेमिनी-३ या यानात पहिल्यांदा माणसांबरोबर अंकीय संगणक गेला. आयबीएम कंपनीने केलेली ती पेटी सुमारे २६ किलोग्रॅम वजनाची होती. पृथ्वीभोवती फिरण्यापुरते हे ठीक होते. चंद्राचा प्रश्न निराळा. यान चंद्राच्या पाठीमागे गेले की रेडिओचा संबंध तुटतो, आणि नेमके तेथेच इंजिन पेटवून वेग कमी करावयाचा असतो. एरवीही पृथ्वीवरून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. उतरत्या यानाला तेवढी सवड नसते. म्हणून गणित करणारे यंत्र यानातच असणे भाग होते.

ते यंत्र घडविण्याचे काम ऑगस्ट १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या उपकरण प्रयोगशाळेकडे, म्हणजे चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांच्याकडे सोपविले गेले. अपोलो योजनेतील पहिल्या मोठ्या करारांपैकी तो एक होता. त्या काळी संगणक म्हणजे काय, हे आपल्या जवळच्या उदाहरणावरून सांगतो. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी बनावटीचा पहिला मोठा संगणक उभारला. तो १९६० साली कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याने एक दालन व्यापले होते. त्याची स्मृती २०४८ शब्दांची. येथे 'शब्द' म्हणजे यंत्र एका वेळी हाताळते तो एक आणि शून्य यांचा गट. टिफ्रॅकचा शब्द ४० अंकी होता. आता योगायोग पाहा : अपोलोच्या गणकयंत्रात लिहिता-पुसता येणारी जी स्मृती होती, तीही २०४८ शब्दांचीच, शब्द मात्र १६ अंकी. कुलाब्याला जे दालनभर पसरले होते, तशाच जातीचे काहीतरी ३२ किलोच्या पेटीत बसवून, साध्या विजेच्या दिव्याइतक्या विजेवर चालवून चंद्रावर धाडावयाचे होते. निर्वात नळ्यांऐवजी त्यांनी नव्याने निघालेल्या एकात्मिक मंडलांचा, म्हणजे चिपांचा, आश्रय घेतला. साऱ्या यंत्रात एकाच प्रकारची चिप वापरण्याचे धाडस केले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; मी तेथे थांबत नाही.

मला थांबावयाचे आहे ते स्मृतीपाशी.

पुसता येणाऱ्या २०४८ शब्दांखेरीज या यंत्राला ३६,८६४ शब्दांची कायमची स्मृती होती. चंद्राकडे कसे जावे, कसे उतरावे, परत कसे यावे, हे सारे ज्ञान तीत साठविलेले. वीज गेली, हादरे बसले, तरी ते पुसले जाऊ नये, अशी अट होती. तिची रचना समजण्यास अवघड नाही. लहान चुंबकीय कडी घ्या, मण्यांसारखी. त्यांच्यातून तांब्याच्या बारीक तारा न्यायच्या. तार कड्याच्या आतून गेली तर तो 'एक'. बाहेरून वळसा घालून गेली तर ते 'शून्य'. एकेका कड्याशी अशा १९२ तारांचा संबंध येई. ५१२ कड्यांचा एक संच आणि असे सहा संच मिळून एका यंत्राची कायमची स्मृती होई. इंग्रजीत तिला 'कोअर रोप' म्हणत; रोप म्हणजे दोर, कारण आरंभीच्या नमुन्यांत तारांचा जुडगा दोरासारखा दिसे.

हे दोर कोणी ओवले? बॉस्टनजवळच्या वॉल्थॅम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रियांनी. वॉल्थॅम हे जुने सूतगिरणीचे गाव आहे. कापसाच्या गाठीपासून कापडापर्यंतची सगळी कामे एका छपराखाली आणणारी अमेरिकेतील पहिली गिरणी तेथे १८१४ साली सुरू झाली. पुढे त्याच गावाच्या घड्याळांचे नाव जगभर झाले. त्यामुळे सुई, धागा आणि बारीक पुर्जे हाताळणाऱ्या बायकांची तेथे वाण नव्हती. कड्यांच्या मांडणीच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसत. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे एक साधन ज्या कड्यातून तार न्यावयाची तेवढेच नेमके समोर आणी. मग एकीने सुई पार करावयाची, दुसरीने ती घ्यावयाची आणि पुन्हा उलट. फीत सांगे, हात ओवीत. एक संच पुरा व्हायला आठवडेच्या आठवडे लागत. मग यंत्रावर त्याची तपासणी होई. एक तार चुकीच्या बाजूने गेली असेल तर एकाचे शून्य झाले, आणि चुकलेली तार शोधून काढणे म्हणजे गुंतवळ उलगडणे.

'ओवणे' या धातूपासून 'ओवी' आली, ही व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसरा सोमेश्वर, म्हणजे आपल्याच कर्नाटकाच्या भूमीवरचा राजा, याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध झालेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद केली आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ओवीचे नाव प्रथम येते ते असे : कन्नड राजाच्या संस्कृत ग्रंथात, मुसळ हाती घेतलेल्या बायकांच्या तोंडी. सीमाप्रश्नाच्या वादात हा पुरावा कोणत्या बाजूचा धरावा, हे मला आजवर ठरविता आलेले नाही. आणखी एक गंमत. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर आहेत आणि ओवीचे चरण चार. म्हणजे चरणांची संख्या छत्तीस हजारांवर जाते, जवळपास त्या यंत्राच्या शब्दांइतकीच. हा निव्वळ योगायोग आहे. 'आपल्याकडे हे सारे पूर्वीच होते' असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये, एवढी विनंती.

त्या काळच्या अभियंत्यांनी या स्मृतीला एक टोपणनाव दिले होते, त्याचा भावार्थ 'म्हाताऱ्या बायांची पद्धत' असा होतो. त्यात प्रेम होते आणि थोडी हेटाळणीही होती. प्रयोगशाळेत प्रत्येक मोहिमेच्या आज्ञावलीची अंतिम जबाबदारी ज्याच्यावर असे, त्याला 'दोराची आई' म्हणत. या आया बहुतेक पुरुषच होते. प्रत्यक्ष दोर ओवणारीला मात्र असे काही पद नव्हते. बायकांना हे काम का, याचे उत्तर तयार असे : त्यांची बोटे नाजूक, त्यांना धीर असतो. न्यू मेक्सिकोत शिपरॉक येथे नवाहो स्त्रियांकडून चिपा जुळवून घेणाऱ्या फेअरचाइल्ड कंपनीने तर १९६९ च्या आपल्या पुस्तिकेत त्यांच्या गालिचांच्या नक्षीचे आणि चिपांच्या नक्षीचे साम्य दाखविले. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्याच्या कामात बायकाच का, असे विचारले की हेच ऐकू येई. निसर्गाने दिलेली देणगी म्हटली की कौशल्य म्हणावे लागत नाही, आणि कौशल्य म्हटले नाही की मजुरी त्या मानाने द्यावी लागत नाही. निपाणीच्या वखारींतील स्त्रिया १९८० च्या सुमारास संघटित होऊन उभ्या राहिल्या. युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून निदान काही चेहरे आणि आवाज टिकले. माझ्या वर्गात बसणाऱ्या कित्येक मुलांची फी त्या विड्यांतून आलेली असे. वडगाव, शहापूर, खासबागच्या मागांवर साडी कोणी विणली हे आपण सांगतो. पण तिच्यासाठी कांड्या भरून देणारी घरातली बाई विणकरांच्या गणतीत सहसा येत नाही. वॉल्थॅमच्या स्त्रियांचेही असेच झाले. त्यांतील एखाददुसरी पुढे माहितीपटात बोलली. बाकीच्यांची नावे अपोलोच्या जाडजूड इतिहासग्रंथांत मला आढळली नाहीत.

आता नाम आणि क्रियापद. अंतराळवीराने या यंत्राशी बोलावयाचे कसे? त्याला अक्षरांची कळफळी नव्हती. फक्त अंकांच्या आणि मोजक्या आज्ञांच्या कळा. मूळचे अर्जेंटिनाचे रामोन अलोन्सो आणि त्यांचे सहकारी यांनी तोडगा काढला तो शाळेतल्या व्याकरणाचा. एक कळ 'क्रियापद', दुसरी कळ 'नाम'. प्रत्येक क्रियापदाला दोन अंकी क्रमांक, प्रत्येक नामाला दोन अंकी क्रमांक. क्रियापद १६ म्हणजे 'सतत दाखवीत राहा', नाम ३६ म्हणजे 'घड्याळाची वेळ'. दोन्ही दाबले की झाले वाक्य. यंत्राला अंतराळवीराकडून काही हवे असे, तेव्हा त्याच दोन खिडक्यांतले अंक लुकलुकू लागत. काहींना ही पद्धत पुरेशी शास्त्रीय वाटली नाही म्हणे. मोरो केशव दामल्यांचे १९११ चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ज्याने शिकविले आहे, त्याला मात्र ती पूर्ण शास्त्रीय वाटते. फरक एवढाच की, मराठी माणूस 'वेळ दाखव' म्हणतो, नाम आधी आणि क्रियापद शेवटी. येथे क्रियापद आधी आले, इंग्रजीच्या वळणाने. हे यंत्र बेळगावात घडले असते तर कळांचा क्रम उलटा लागला असता.

२० जुलै १९६९. आपल्याकडे तेव्हा २१ तारीख उजाडायची होती. यान उतरले तेव्हा येथे मध्यरात्रीचे पावणेदोन वाजले होते. मी महाविद्यालयात होतो. घरात रेडिओ होता, दूरचित्रवाणीचा प्रश्नच नव्हता. सकाळच्या बातम्यांत आणि नंतर वर्तमानपत्रांत नील आर्मस्ट्राँगचे पाऊल आले. यंत्राचे जे झाले ते मला पुष्कळ वर्षांनी वाचून कळले. चंद्रापासून सुमारे दहा किलोमीटरवर असताना गणकयंत्राने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. बझ ऑल्ड्रिन त्या सुमारास क्रियापद १६, नाम ६८ या वाक्याने उंचीतील फरक पाहत होते. इशाऱ्याचा अर्थ यानातल्या दोघांनाही ठाऊक नव्हता. ह्यूस्टनला सव्वीस वर्षांचे स्टीव्ह बेल्स मार्गदर्शनाच्या मेजावर होते, आणि त्यांच्या पाठीशी चोवीस वर्षांचे जॅक गार्मन. गार्मननी अशा इशाऱ्यांची हाताने लिहिलेली यादी जवळ ठेवली होती. ती पाहून काही सेकंदांत उत्तर गेले : पुढे चला. झाले होते असे की, भेटीच्या रडारकडून येणारे निरर्थक संकेत मोजण्यात यंत्राचा काही वेळ फुकट जात होता आणि कामे साचत होती. पण हॅल लॅनिंग यांनी त्याची व्यवस्थाच अशी लावली होती की, भार वाढला तर यंत्राने कमी महत्त्वाची कामे सोडून द्यावी, क्षणात नव्याने सुरू व्हावे आणि इंजिन व दिशा यांची कामे धरून ठेवावी. इशारे पाच वेळा आले, यान उतरले. यंत्र बिघडले होते असे अजूनही छापले जाते. माझ्या मते ते उलट आहे. त्याने बजावायचे ते बजावले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते तिघे अंतराळवीर मुंबईस येऊन गेले. त्यांच्या स्वागताच्या बातम्या आपल्याकडे मोठ्या चवीने वाचल्या गेल्या, पण गणकयंत्राविषयी त्यांत काही वाचल्याचे मला स्मरत नाही.

ओवलेल्या स्मृतीचा गुण तोच तिचा दोष. जे ओवले ते पुसले जात नाही, आणि बदलताही येत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन आपल्या लहान मुलीला प्रयोगशाळेत नेत असत. खेळता खेळता तिने 'उड्डाण चालू असता उड्डाणपूर्व आज्ञा' अशी कळ दाबली आणि नमुनायंत्र कोलमडले. हॅमिल्टन यांनी अशा चुकीविरुद्ध पहारा ठेवावा असे सुचविले. प्रशिक्षित अंतराळवीर अशी चूक करणार नाहीत, असे उत्तर मिळाले. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो-८ वरून परतताना जिम लॉव्हेल यांच्या हातून नेमकी तीच चूक झाली. पुसट स्मृतीतील नोंदी बिघडल्या, त्या पुन्हा भराव्या लागल्या. दोर मात्र अबाधित राहिला, म्हणून भरणे शक्य झाले.

फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो-१४ च्या वेळी अडचण दुसऱ्या बाजूने आली. 'उतरणे रद्द' या कळीत बहुधा डाखाचा एक कण सैल झाला होता आणि कोणी न दाबताही संकेत जात होता. उतरताना तसा संकेत गेला असता तर यंत्राने यान उलटे वर नेले असते. दोर बदलणे शक्य नव्हते. तो चंद्राभोवती फिरत होता. डॉन आइल्स या तरुण अभियंत्याने दोन तासांच्या आत अशी युक्ती लिहिली की, पुसता येणाऱ्या स्मृतीत काही अंक ठेवून ओवलेल्या आज्ञेला त्या कळीकडे पाहूच द्यायचे नाही. एडगर मिचेल यांनी एकसष्ट कळा एकेक करून दाबल्या. क्रियापद, नाम, अंक. क्रियापद, नाम, अंक. यान उतरले.

भारतीय माणूस अवकाशात गेला तो ३ एप्रिल १९८४ रोजी, सोव्हिएट सोयुझ टी-११ या यानातून. राकेश शर्मांचे नाव आपल्याकडच्या प्राथमिक शाळेतील मुलालाही ठाऊक आहे. त्या यानातील आर्गोन-१६ या संगणकाचे कोणाला नाही. त्यात एकच काम तीन समान भाग एकाच वेळी करीत आणि उत्तरे जुळली नाहीत तर दोघांचे मत ग्राह्य धरले जाई, थोडक्यात पंचायत. तरीही जून १९८० मध्ये सोयुझ टी-२ हे यान साल्युत-६ स्थानकाजवळ जाताना या स्वयंचलित व्यवस्थेने दगा दिला आणि कप्तानाने हाताने यान जोडले. त्या कप्तानाचे नाव युरी मालिशेव. चार वर्षांनी राकेश शर्मांच्या यानाचे कप्तान तेच होते. आपला माणूस ज्यांच्या भरवशावर वर गेला, त्यांनी यंत्र रुसलेले एकदा पाहिले होते. ही गोष्ट तेव्हा कळली असती तर आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची काळजी कमी झाली असती की वाढली असती, सांगता येत नाही.

अपोलोच्या चांद्रयानांतील दोर माणसांबरोबर परत आले नाहीत. अंतराळवीर मूळ यानात परतले की ती याने सोडून दिली जात. त्यांतील बहुतेक चंद्रावरच आदळली. पृथ्वीवर उरले ते मूळ यानांतील, आणि चाचणीसाठी ओवलेले काही संच, संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या घरी. २०१८-१९ मध्ये अमेरिकेतील काही हौशी अभियंत्यांनी असे एक जुने गणकयंत्र दुरुस्त करून पुन्हा चालू केले, आणि त्यानंतर निरनिराळ्या ठिकाणचे दोर मिळवून ते यंत्राने वाचले. छापील प्रती हरवलेल्या काही आज्ञावली त्यामुळे पुन्हा हाती आल्या. ज्या कड्यातून तार गेली होती तेथे एक, जेथून वळसा घालून गेली होती तेथे शून्य. पन्नास वर्षांनंतरही ओळीने तसेच. प्रत्येक संचावर भागाचा क्रमांक आणि अनुक्रमांक ठळक उमटविलेला आहे. ओवणाऱ्या दोघींची नावे त्यावर नाहीत.